बेरीज बरोबर होती, महिना चुकला होता

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण आकडे सांगणार आहोत. चुलीवर दूध असेल तर आधी उतरवून या.

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. गटांच्या वह्या तपासायच्या, बैठकांना जायचं, बँकेची फाइल तयार करायची हे आमचं काम. दोन वर्षांपासून गटांचा हिशोब कॉम्प्युटरवर भरायला सुरुवात झाली. आमच्यातल्या बहुतेक जणी बी. ए. झालेल्या, कुणी मराठी घेऊन, कुणी इतिहास घेऊन. कॉम्प्युटर म्हटलं की पोटात गोळा यायचा. एका सभासदाच्या मुलीने, ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, आम्हाला बसवून शिकवलं. तिने शिकवलेली एक गोष्ट आणि त्या गोष्टीपायी आमच्या हातून झालेली एक चूक, दोन्ही आज सांगतो.

आमचा भाग बीड जिल्ह्याचा. दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. ज्या गटाची गोष्ट सांगतोय त्यात १२ जणी. दर महिन्याची बचत प्रत्येकी १०० रुपये. १२ पैकी ५ जणी ऊसतोडीला जाणाऱ्या.

एप्रिल २०२४ मध्ये त्या पाच जणी परत आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांना सांगण्यात आलं की तुमची नोव्हेंबर ते मार्चची बचत चुकली, महिन्याला १० रुपयांप्रमाणे प्रत्येकीला ५० रुपये दंड. पाच जणींचे मिळून २५०. सहा महिने उसाच्या फडात राहून आलेली बाई, अजून अंगावरचा शीण उतरलेला नाही, आणि हे ऐकायचं. त्यातली सगळ्यात वडीलधारी मावशी उठून उभी राहिली. म्हणाली, "अगं पोरी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सहाशे रुपये मोजून दिलेत की आम्ही! वही काढून बघ." लेखनिक ताई जानेवारीत नव्याने आलेली. ती म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये तर तसं काही दिसत नाही."

दोघीही खरं बोलत होत्या. ते कसं, हे समजण्यासाठी आधी कॉम्प्युटर काय करतो ते बघू.

हिशोब ठेवण्यासाठी डेटाबेस असतो. नाव मोठं, पण आहे ती आखलेली वहीच. एक तक्ता असतो, त्याला उभे रकाने: सभासदाचं नाव, तारीख, रक्कम. पैसे आले की एक आडवी ओळ वाढते. या वहीला प्रश्न विचारायची जी भाषा आहे तिला एसक्यूएल म्हणतात. आयबीएम कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ साली ती मांडली. तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांखेरीज इतरांनाही वहीला साध्या इंग्रजी शब्दांत प्रश्न विचारता यावा, असा त्यांचा हेतू होता. आम्हाला पन्नास वर्षांनी का होईना, त्याचा उपयोग झाला.

सगळ्या वर्षाची बचत किती, असं विचारायचं तर हुकूम असा:

सिलेक्ट सम(रक्कम) फ्रॉम बचत;

सिलेक्ट म्हणजे दाखव, सम म्हणजे बेरीज, फ्रॉम म्हणजे कुठून. बचत हे आमच्या तक्त्याचं नाव. इथे आम्ही कानाला ऐकू येतं तसं सांगतोय. कॉम्प्युटरवर सिलेक्ट, सम हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकायचे. तक्त्याचं आणि रकान्याचं नाव मात्र मराठीतही ठेवता येतं, आम्ही तसंच ठेवलंय. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ एवढंच वर्ष त्या तक्त्यात होतं. उत्तर आलं १४,२००.

आता १२ जणी, १०० रुपये, १२ महिने म्हणजे १४,४०० व्हायला हवेत. २०० कमी. वर्षाच्या एका बेरजेत एवढंच कळतं. कुठल्या महिन्यात कमी, कुणाचे कमी, काही कळत नाही. म्हणून महिन्यावार बेरीज मागायची. त्यासाठी शब्द आहे ग्रुप बाय. ग्रुप म्हणजे गट, हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. धान्य निवडताना आपण सुपात ज्वारी वेगळी, तूर वेगळी करतो, मग एकेक ढीग मोजतो. तसंच कॉम्प्युटर आधी एकसारख्या महिन्याच्या ओळींचे ढीग लावतो आणि मग प्रत्येक ढिगाची वेगळी बेरीज सांगतो.

पण महिना ओळखायचा कशावरून? तारखेवरून. इथे आमची पहिली अडचण झाली. आपण तारीख लिहितो आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. कुणी तिरकी रेघ मारते, कुणी टिंब देते, कुणी नुसतं "२५ ऑक्टो." लिहिते. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला ते नुसतं अक्षरांचं कडबोळं दिसतं. त्या मुलीने सगळ्या तारखा उलट्या लिहायला लावल्या: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २५ ऑक्टोबर २०२३ ही तारीख २०२३-१०-२५ अशी. महिना नेहमी दोन आकडी, म्हणजे मे असेल तर ०५. असं लिहिलं की पहिली सात अक्षरं म्हणजे वर्ष आणि महिना. मग हुकूम सोपा होतो:

सिलेक्ट सबस्ट्र(तारीख, १, ७), सम(रक्कम)
फ्रॉम बचत
ग्रुप बाय सबस्ट्र(तारीख, १, ७);

सबस्ट्र म्हणजे अक्षरांचा तुकडा काढ, पहिल्या अक्षरापासून सात अक्षरं. काही जणी नुसता महिना घेतात, वर्ष घेत नाहीत. तसं करू नका. तक्त्यात दोन वर्षांचा हिशोब असला तर गेल्या वर्षीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल एकाच ढिगात पडतात, आणि रक्कम दुप्पट दिसली की आपण उगाच खूश होतो. एका गटाच्या बाबतीत आम्ही झालो होतो.

तर उत्तर काय आलं ते लिहून घ्या. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक महिन्याला १२००. ऑक्टोबर ३७००. नोव्हेंबर ७००, डिसेंबर ७००, जानेवारी ६००, फेब्रुवारी ६००, मार्च ७००. बेरीज करून बघा, १४,२००च येते.

लेखनिक ताईने हेच पाहिलं होतं. नोव्हेंबरपासून बचत घसरलेली, आणि पाच जणी गावात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. सरळ हिशोब लागला की यांनी भरले नाहीत. बँकेतल्या साहेबांनीही हाच तक्ता पाहिला. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशोब ही पंचसूत्री तुम्हाला पाठच असेल. गटाला कर्ज देताना बँक तीच बघते. साहेब म्हणाले, पाच महिने बचत अनियमित आहे, फाइल सध्या ठेवून घेतो.

त्या दिवशी आम्ही जुनी कागदी वही मागवली. २५ ऑक्टोबरच्या बैठकीच्या पानावर पाच नावांपुढे ६०० लिहिलेले, आणि समासात पेन्सिलने, जुन्या लेखनिक ताईच्या अक्षरात, "पुढील ५ महिन्यांसह". म्हणजे ऑक्टोबरचे १०० आणि नोव्हेंबर ते मार्चचे ५००. मावशी म्हणत होती तेच. उचलीच्या पैशातून त्यांनी आधी गटाचा हप्ता बाजूला काढला होता, मग घरातला किराणा भरला होता.

वहीला समास होता. कॉम्प्युटरच्या तक्त्यात समास नव्हता. भरताना आम्ही नाव, तारीख, रक्कम भरली आणि पेन्सिलचे चार शब्द सोडून दिले. भरणाऱ्या आम्हीच, दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता नीट ऐका, कारण आजचं मुख्य सांगणं हेच आहे. पैशाच्या एका व्यवहाराला दोन तारखा असू शकतात. पैसे हातात कधी आले ही एक, आणि ते कोणत्या महिन्याचे ही दुसरी. ग्रुप बाय लावताना यातली कोणती घ्यायची हे कॉम्प्युटर ठरवत नाही. ज्या रकान्यावर ढीग लावायला सांगाल त्यावर तो लावतो. आमच्याकडे एकच रकाना होता, म्हणून एकच उत्तर आलं.

आम्ही तक्त्यात "कशाचा महिना" असा नवा रकाना वाढवला. मावशीच्या ६०० रुपयांच्या एका ओळीच्या सहा ओळी केल्या, प्रत्येकी १०० च्या. सहाही ओळींत जमा तारीख २५ ऑक्टोबरच, पण कशाचा महिना मात्र वेगळा: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असं करत मार्चपर्यंत. पाचही जणींचं तसं केलं. मग हुकूम तोच, फक्त ढीग नव्या रकान्यावर:

सिलेक्ट कशाचा_महिना, सम(रक्कम)
फ्रॉम बचत
ग्रुप बाय कशाचा_महिना;

रकान्याच्या नावात दोन शब्द असतील तर मध्ये मोकळी जागा न सोडता अशी खालची रेघ द्यायची. उत्तर आलं: दहा महिने १२०० आणि जानेवारी, फेब्रुवारी ११००. बेरीज पुन्हा १४,२००. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, पण चित्र पार बदललं.

मग पहिला तक्ता खोटा होता का? नाही. पेटीत आणि बँकेच्या पासबुकात ऑक्टोबरमध्ये ३७०० च दिसणार. रोकड जुळवायची असेल तेव्हा जमा तारखेवरच ढीग लावायला हवा, तिथे दुसरा तक्ता चालणार नाही. सभासद नियमित आहे का हे बघायचं असेल तर कशाच्या महिन्यावर. दोन्ही कागद आम्ही बँकेत नेले, समासाच्या पानाची झेरॉक्स जोडली. साहेबांनी तिन्ही ठेवून घेतले आणि फाइल पुढे सरकली.

पण जानेवारी, फेब्रुवारीचे ते १०० - १०० रुपये कुणाचे?

इथे ग्रुप बायची दुसरी खोड सांगायला हवी. आम्ही सभासद आणि महिना असे दोन्ही मिळून ढीग लावले. वाटलं, जिची बचत राहिली तिच्यापुढे शून्य दिसेल. शून्य कुठेच दिसलं नाही. ओळी मोजल्या तर १४४ हव्या होत्या, निघाल्या १४२. जिथे पैसे आलेच नाहीत तिथे ओळच नाही, ओळ नाही तर ढीग नाही, आणि ढीग नाही तर बेरीज कशाची सांगणार?

हळदी-कुंकवाला कोण आलं होतं याची यादी आपण नंतर करतो, तेव्हा आलेल्या बायकांचीच नावं आठवतात. कोण आलं नाही हे त्या यादीवरून कळत नाही. शाळेच्या हजेरीपटावर मात्र सगळी नावं आधीच लिहिलेली असतात, म्हणून गैरहजर पोर लगेच दिसतं. कॉम्प्युटरलाही असा हजेरीपट आधी द्यावा लागतो. एक तक्ता नुसत्या सभासदांचा, १२ ओळी. एक तक्ता नुसत्या महिन्यांचा, १२ ओळी. क्रॉस जॉइन या शब्दाने दोन्हींची प्रत्येकाशी प्रत्येक अशी जोडी लावली की १४४ घरं तयार होतात. मग लेफ्ट जॉइन या शब्दाने त्या घरांपुढे बचतीचा तक्ता आणून ठेवायचा. लेफ्ट म्हणजे डावीकडचं. डावीकडचं प्रत्येक घर राहणार, उजवीकडे पैसे असोत वा नसोत. पैसे नसतील तिथे जागा रिकामी येते, तिला इफनल हा शब्द लावून शून्य म्हणायला सांगायचं.

एक धोंडा या वाटेवर आहे, आम्ही ठेचकाळलो म्हणून सांगतो. नंतर बचत, दंड, कर्जाचा हप्ता सगळं एकाच तक्त्यात भरायला लागलो, तेव्हा "फक्त बचत दाखव" अशी अट व्हेअर या शब्दाने शेवटी घातली. झालं, रिकामी घरं पुन्हा गळून पडली, कारण रिकाम्या घरावर "बचत" असं काही लिहिलेलंच नसतं. ती अट लेफ्ट जॉइनच्या ऑनमध्येच घालायची.

सरासरी काढतानाही हीच खोड नडते. मावशीचं खातं जमा तारखेने बघा. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने १०० प्रमाणे ६००, आणि ऑक्टोबरचे ६००, एकूण १२००. ढीग पडले सात. या ढिगांची सरासरी मागितली तर कॉम्प्युटर १२०० ला ७ ने भागतो आणि सांगतो की मावशी महिन्याला १७१ रुपये बचत करते! गटाचा नियम १०० चा, आणि ही १७१ वाली श्रीमंत. म्हणजे एका तक्त्यात तिला दंड, दुसऱ्यात तिचं कौतुक, आणि दोन्ही चूक.

तर १४४ घरांपैकी दोन घरांत शून्य निघालं. दोन्ही एकाच बाईची. ती ऊसतोडीला जात नाही, गावातच असते. जानेवारीत कापूस वेचणीचं काम संपलं, त्यातच घरात दुखणं निघालं, दोन महिने हातात पैसा नव्हता. बैठकीला यायची, मागे बसायची, "नंतर लिहा" म्हणायची. मार्चमध्ये पुन्हा भरायला लागली. जमा तारखेच्या तक्त्यात जानेवारीला ७०० ऐवजी ६०० दिसत होते, म्हणजे सहा जणींची बचत नव्हती. पण सगळ्यांच्या डोक्यात ऊसतोडीच्या पाच बायका इतक्या पक्क्या बसल्या होत्या की सहावी कुणी शोधलीच नाही. जिला तेव्हा गटातून हजार-पाचशेचं कर्ज द्यायला हवं होतं तिला कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी आधीच भरले होते त्यांना दंड. या गोष्टीचं आम्हाला अजून वाईट वाटतं. समोर बसलेल्या बाईचं न बोललेलं ऐकायचं कामही आमचंच होतं. ते कॉम्प्युटरवर ढकलून चालणार नाही.

दर महिन्याला असं काही राहिलंय का हे बघायला आता एक छोटा हुकूम करून ठेवलाय. ढीग लावून झाल्यावर चाळणी मारायची तर हॅविंग हा शब्द. "हॅविंग सम(रक्कम) < १२००" एवढं शेवटी जोडलं की कमी पडलेले महिनेच येतात. व्हेअर ढीग लावण्याआधी ओळी चाळतो, हॅविंग ढीग लावल्यानंतर ढीग चाळतो. दळायच्या आधीची चाळणी आणि दळल्यावरची पिठाची चाळणी जशी वेगळी, तसं. मात्र एखाद्या महिन्यात कुणाचेच पैसे आले नाहीत तर तो महिना इथेही येणार नाही, त्याला वरचा हजेरीपटच लागतो.

आणि एक, मार्चअखेरीसाठी. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, कॉम्प्युटर वर्ष जानेवारीपासून धरतो. तारखेच्या वर्षावर ढीग लावला तर आपलं एक वर्ष दोन ढिगांत फुटतं. उपाय असा की प्रत्येक तारखेतून तीन महिने मागे जायचं आणि मग वर्ष बघायचं. ३१ मार्च २०२४ तीन महिने मागे नेली की ३१ डिसेंबर २०२३, म्हणजे वर्ष २०२३. १ एप्रिल २०२४ मागे नेली की १ जानेवारी २०२४, म्हणजे वर्ष २०२४. बरोबर सीमेवर तुटतं. आम्ही वापरतो त्या एसक्यूलाइटमध्ये तारखेला "-३ मंथ्स" असं सांगता येतं. एसक्यूलाइट फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पुढच्या बैठकीत पाच जणींचे २५० रुपये परत दिले. मावशीने पन्नासची नोट घेतली, उलटसुलट बघितली आणि लेखनिक ताईला म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला सहाशे देईन तेव्हा माझ्यासमोर लिही." सहाव्या बाईला दंड लावायचा नाही असं ठरलं. राहिलेले २०० तिने मेपासून ५०-५० करून चार महिन्यांत द्यायचे. मेमध्ये तिने पहिले पन्नास आणले तेव्हा ओळ भरली ती अशी: जमा तारीख मे २०२४ मधली, कशाचा महिना २०२४-०१. रोकडीच्या तक्त्यात ते पन्नास मेमध्ये दिसले. नियमितपणाच्या तक्त्यात जानेवारीचे ११०० होते ते ११५० झाले.

तुमच्या गटाची वही कॉम्प्युटरवर गेली असेल तर या बैठकीत एवढं करा: कागदी वही शेजारी ठेवून समासात काय काय लिहिलंय ते वाचून काढा. "आगाऊ", "मागील बाकीसह", "दोन महिन्यांचे", असे शब्द सापडतील. ते कॉम्प्युटरमध्ये कुठे गेले ते लेखनिक ताईला विचारा. कागदी वहीतही आम्ही आता समासाऐवजी "कशाचा महिना" असा रकानाच आखून देतोय, पट्टी घेऊन, रक्कम लिहितो त्याच्या आधी.